इटरेटर आणि त्याची साहाय्यक फंक्शने : एका संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात लूप शिकवला जातो. साठ विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करावयाची असेल तर शून्यापासून एकोणसाठपर्यंत एक क्रमांक वाढवीत न्यावा, त्या क्रमांकाच्या जागी असलेला गुण घ्यावा आणि बेरजेत मिळवावा, ही रीत तो पाठ करतो. ही रीत चुकीची नाही. परंतु तीत दोन निरनिराळी कामे एकमेकांत मिसळलेली आहेत. एक काम म्हणजे संग्रहातील घटकांपर्यंत क्रमाने पोचणे, आणि दुसरे म्हणजे हाती आलेल्या घटकाचे काहीतरी करणे. ही दोन कामे वेगळी करता येतात, हे लक्षात येण्यास आणि ते सोयीने करता येण्यास संगणकशास्त्राला बराच काळ लागला. त्या काळाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. संग्रहातील घटक एकामागून एक देणारी जी वस्तू, तिला इटरेटर म्हणतात. तिला दोनच गोष्टी कळाव्या लागतात : 'पुढचा घटक दे' ही विनंती पुरी करणे, आणि घटक संपल्यावर तसे सांगणे. संग्रह ॲरे आहे, वृक्ष आहे की फाइलमधल्या ओळी आहेत, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते. साहाय्यक फंक्शन म्हणजे इटरेटर हाती घेऊन त्यावर एखादे नेहमी लागणारे काम करणारे छोटे फंक्शन. पहिले दहा घटक घेणे, अटीत न बसणारे गाळणे, दोन इटरेटरांच्या जोड्या लावणे, शेजारशेजारचे घटक जोडीने देणे ही त्याची उदाहरणे. यांतील बरीचशी फंक्शने एकाच वेळी इटरेटर घेतात आणि नवा इटरेटर परत देतात. त्यामुळे ती एकापुढे एक जोडता येतात, आणि त्यांचे सामर्थ्य या जोडण्यातच आहे.

क्रमांकापासून सुटका

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीने जॉन बॅकस यांच्या गटाने तयार केलेली फोरट्रान ही भाषा उपलब्ध केली. तिच्यातील 'डू' हे विधान म्हणजे आजच्या लूपचा पूर्वज. गणिती कामासाठी तयार झालेल्या या भाषेत घटक म्हणजे ॲरेतील क्रमांकित जागा, आणि पुनरावृत्ती म्हणजे क्रमांक मोजणे, हे समीकरण स्वाभाविक होते. पुढील अनेक भाषांनी ते तसेच उचलले.

त्याच सुमारास ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तिघे निराळ्या वाटेने जात होते. तर्कशास्त्रातील सिद्धांत संगणकाकडून सिद्ध करवून घेण्याच्या कामासाठी त्यांना याद्या लागत होत्या; त्या यादीला क्रमांकित जागा नव्हत्या. त्यांनी रचलेल्या आयपीएल या भाषामालिकेतील पाचव्या आवृत्तीत 'जनरेटर' नावाची सोय होती. जनरेटरला एक यादी आणि एक उपकार्य द्यावयाचे; तो यादीतील प्रत्येक घटकावर ते उपकार्य चालवी. उपकार्य प्रत्येक वेळी 'पुढे चालू दे' किंवा 'थांब' असा संकेत परत देई. यादीत फिरण्याची जबाबदारी एकाकडे आणि घटकाचे काय करावयाचे ते दुसऱ्याकडे, ही विभागणी येथे स्पष्ट दिसते.

जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प भाषेवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यात 'मॅपलिस्ट' हे फंक्शन आहे. ते एक यादी आणि एक फंक्शन घेते आणि नवी यादी देते. आज जवळजवळ प्रत्येक भाषेत सापडणारे 'मॅप' याच कुळातले. मात्र लिस्पच्या या फंक्शनांत एक अडचण होती. प्रत्येक टप्प्यावर नवी यादी संपूर्ण तयार होई. दहा हजार घटकांच्या यादीवर तीन फंक्शने लागोपाठ चालविली तर मधल्या दोन पूर्ण याद्या स्मृतीत तयार होऊन नंतर टाकून दिल्या जात. शेवटी पहिले पाचच घटक हवे असले तरी सर्व काम आधी पुरे होई.

कोरूटीन आणि प्रवाह

या अडचणीवरील उपायाचे बीज एका अनपेक्षित ठिकाणी होते. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये कोबोल भाषेच्या कंपायलरची रचना वर्णन केली. कंपायलरचे अनेक टप्पे असतात : अक्षरे वाचणे, त्यांचे शब्द बनविणे, शब्दांची वाक्ये बनविणे. प्रत्येक टप्प्याचे फलित टेपवर लिहून पुढच्याने ते वाचावे, अशी तेव्हाची पद्धत होती. कॉनवे यांनी असे सुचविले की दोन टप्प्यांपैकी कोणीही मुख्य आणि कोणीही दुय्यम मानू नये. वाचणाऱ्याला घटक हवा झाला की त्याने देणाऱ्याकडे नियंत्रण द्यावे. देणाऱ्याने एक घटक देऊन तेथेच थांबावे, आणि पुन्हा बोलावणे आल्यावर थांबल्या जागेपासून पुढे चालावे. अशा कार्यांना त्यांनी कोरूटीन हे नाव दिले.

१९६५ मध्ये पीटर लँडिन यांनी आल्गॉल ६० आणि चर्च यांची लॅम्डा पद्धती यांच्या संबंधावर लिहिताना 'प्रवाह' ही कल्पना मांडली. प्रवाह ही अशी यादी की जिचा पुढचा भाग मागणी झाल्यावरच तयार होतो. मधल्या यादीतील सर्व घटक एकाच वेळी अस्तित्वात असण्याचे कारण उरत नाही, हे त्यांनी दाखविले, आणि कॉनवे यांच्या कोरूटीनशी असलेले नातेही नोंदविले. अभियंत्याने कंपायलरसाठी काढलेली युक्ती आणि तर्कशास्त्राच्या अंगाने आलेली व्याख्या येथे एकमेकांना भेटली.

हीच कल्पना बेल प्रयोगशाळेत व्यवहारात उतरली. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात आज्ञावल्या बागेतील पाण्याच्या नळ्यांसारख्या एकमेकींना जोडता याव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत 'पाइप' ही सोय घातली. गाळणारी, क्रम लावणारी, मोजणारी लहान लहान साधने एका ओळीत जोडून मोठे काम करण्याची युनिक्सची शैली त्यातून घडली. प्रयोगशाळेत ही शैली शिकविणाऱ्या अध्यापकांना साहाय्यक फंक्शनांचे मर्म वेगळे सांगावे लागू नये.

ऑगस्ट १९७७

इटरेटर ही भाषेची स्वतंत्र सोय म्हणून प्रथम ठळकपणे पुढे आली ती १९७० च्या दशकात, आणि तिचा उगम डेटा अमूर्तीकरणाच्या चळवळीत आहे. एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी सीएलयू ही भाषा रचीत होते. त्यांचा आग्रह असा की संग्रहाची अंतर्गत रचना वापरणाऱ्यापासून लपलेली असावी. पण रचना लपविली की प्रश्न उभा राहतो : वापरणाऱ्याने त्या संग्रहात फिरावे कसे? क्रमांक देता येत नाही, कारण क्रमांक उघड करणे म्हणजे रचना उघड करणे. सर्व घटकांची प्रत काढून देणे महागात पडते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील आल्फार्ड या भाषेच्या गटाने यासाठी जनरेटरची सोय योजिली होती. सीएलयूचा गट त्यांना भेटला. ती सोय त्यांना देखणी परंतु गुंतागुंतीची वाटली. त्यानंतर रस ॲटकिन्सन यांनी साधा पर्याय सुचविला, आणि तोच सीएलयूचा इटरेटर झाला. इटरेटर हा फंक्शनसारखाच लिहावयाचा. फक्त त्यात 'यील्ड' हा शब्द येई. 'यील्ड'पाशी तो एक घटक देऊन थांबे, लूपचा मजकूर चाले, आणि नंतर इटरेटर पुढे सरके. कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकात मेरी शॉ, विल्यम वुल्फ व राल्फ लंडन यांचा आल्फार्डवरील निबंध आणि लिस्कोव्ह व सहकाऱ्यांचा सीएलयूवरील निबंध लागोपाठ छापले गेले. या विषयाच्या अभ्यासकाला एका अंकातून दोन्ही बाजू वाचावयास मिळतात, हा दुर्मीळ योग म्हणावा लागेल. लिस्कोव्ह यांना पुढे २००८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

सीएलयूच्या साधेपणाला किंमत मोजावी लागली. तिचा इटरेटर केवळ फॉर लूपमध्येच वापरता येई. तो व्हेरिएबलमध्ये ठेवून, हवा तेव्हा एक पाऊल पुढे नेता येत नसे. त्यामुळे दोन संग्रहांत एकाच वेळी बरोबरीने चालणे सरळपणे शक्य नव्हते. दोन वृक्षांची पाने क्रमाने सारखी आहेत का, हे पाहणे अशा वेळी कठीण होते. दोन इटरेटरांच्या जोड्या लावणारे साहाय्यक फंक्शन त्या भाषेत लिहिणे म्हणूनच अवघड होते. इटरेटरवर नियंत्रण कोणाचे, संग्रहाचे की वापरणाऱ्याचे, हा प्रश्न येथून पुढे सतत येत राहतो. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडेस यांच्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथाने यालाच अंतर्गत व बाह्य इटरेटर अशी नावे दिली.

आळशी मूल्यमापन आणि ह्यूज यांचे उदाहरण

१९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी, आणि स्वतंत्रपणे पीटर हेंडरसन व जेम्स मॉरिस यांनी, आळशी मूल्यमापनाची कल्पना मांडली. मूल्याची गरज पडेपर्यंत ते काढावयाचेच नाही, हा तिचा आशय. अशा भाषेत साधी यादीच इटरेटरचे काम करते, आणि यादी अनंत असली तरी बिघडत नाही.

याचा अर्थ जॉन ह्यूज यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एका गणिती उदाहरणाने सांगितला. ते येथे थोडे विस्ताराने पाहू, कारण गणिताच्या वर्गातही ते वापरता येते. २ चे वर्गमूळ न्यूटन-राफसन पद्धतीने काढावयाचे आहे. १ पासून आरंभ करावा. हातातील संख्या आणि २ भागिले ती संख्या यांची सरासरी ही पुढची संख्या. त्यातून १, १.५, १.४१६७, १.४१४२ अशी मालिका मिळते. रूढ आज्ञावलीत ही सरासरी काढणे आणि 'आता थांबावे का' हे तपासणे एकाच लूपमध्ये गुंफलेले असते. ह्यूज यांनी ते वेगळे केले. एक फंक्शन अनंत मालिका देते. तिला थांबण्याची काही कल्पना नसते. दुसरे साहाय्यक फंक्शन कोणतीही मालिका घेते आणि शेजारच्या दोन संख्यांतील फरक ठरविलेल्या मर्यादेच्या आत आला की ती संख्या परत देते. फरकाऐवजी गुणोत्तर पाहावयाचे असेल तर तिसरे फंक्शन लिहावे. मालिकेला हात लावावा लागत नाही.

हे थांबविणारे फंक्शन वर्गमूळाविषयी काहीच जाणत नाही, म्हणून ह्यूज यांनी तेच पुढे संख्यात्मक अवकलनासाठी आणि समाकलनासाठी वापरले. साहाय्यक फंक्शन लिहावयाचे ते मुळात यासाठी. ओळी वाचतात हा लाभ दुय्यम. थांबण्याचा विचार एकदाच, एका ठिकाणी, नीट तपासून लिहिता येतो हा मुख्य.

स्टेपानोव्ह यांची वर्गवारी

सी प्लस प्लस भाषेतील स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी ही अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत तयार केली, आणि जुलै १९९४ मध्ये ती भाषेच्या प्रमाण मसुद्यात स्वीकारली गेली. येथे इटरेटर म्हणजे स्थान दाखविणारा दर्शक, सी भाषेतील पॉइंटरचे व्यापक रूप. स्टेपानोव्ह यांचे खरे योगदान म्हणजे सर्व इटरेटर सारखे नसतात हे मान्य करून त्यांनी केलेली वर्गवारी. काही केवळ एकदा वाचू देतात, काही केवळ लिहू देतात, काही पुढे पुन्हा पुन्हा फिरू देतात, काही मागेही येतात, आणि काही कोणत्याही स्थानी थेट उडी घेतात.

या लायब्ररीत 'ॲडव्हान्स' आणि 'डिस्टन्स' ही दोन साहाय्यक फंक्शने आरंभापासून आहेत. पहिले इटरेटरला दिलेली पावले पुढे नेते, दुसरे दोन स्थानांमधले अंतर सांगते. इटरेटर थेट उडी घेणारा असेल तर काम एका बेरजेत होते. लिंक्ड लिस्टचा असेल तर एकेक पाऊल चालावे लागते. नाव एक, उत्तर एक, परंतु लागणारा वेळ निराळा. कोणता मार्ग घ्यावयाचा हे कंपायलर इटरेटरच्या वर्गावरून ठरवितो. २०११ च्या प्रमाण आवृत्तीत 'नेक्स्ट' व 'प्रीव्ह' ही भावंडे आली. डेटा स्ट्रक्चर्स शिकविताना ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांतील फरक दाखविण्यास 'ॲडव्हान्स'इतके चोख उदाहरण दुसरे नाही.

पायथनचे भांडार

सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती इटरेटर पोचविण्याचे बरेचसे श्रेय पायथनला द्यावे लागेल. डिसेंबर २००१ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने इटरेटरचा करार निश्चित केला : पुढचा घटक मागावा, आणि घटक संपल्यास 'स्टॉपइटरेशन' हा अपवाद उठावा. त्याच आवृत्तीत 'यील्ड' वापरणारे जनरेटर आले. सीएलयूमधली उणीव येथे नव्हती. जनरेटर हातात धरून हवा तेव्हा पुढे नेता येई. जुलै २००३ मधील २.३ या आवृत्तीत रेमंड हेटिंजर यांनी तयार केलेले 'इटरटूल्स' हे मॉड्यूल आले. त्याच्या अधिकृत माहितीतच एपीएल, हॅस्केल आणि एसएमएल या भाषांचे ऋण नोंदविलेले आहे.

या मॉड्यूलची एक प्रथा लक्षात घेण्याजोगी आहे. मोजकीच फंक्शने मॉड्यूलमध्ये ठेवावयाची आणि बाकीची 'पाककृती' म्हणून माहितीपत्रात लिहून दाखवावयाची, म्हणजे वाचकाने ती स्वतः रचावी. शेजारच्या घटकांच्या जोड्या देणारे 'पेअरवाइज' वर्षानुवर्षे अशी पाककृतीच होती. २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत ती मॉड्यूलमध्ये दाखल झाली. ठरावीक संख्येचे गट पाडणारे 'बॅच्ड' २०२३ मधील ३.१२ मध्ये आले. लोक एखादे साहाय्यक फंक्शन पुन्हा पुन्हा स्वतः लिहितात, आणि पुष्कळ काळानंतर भाषा ते आपले मानते, असा हा क्रम आहे.

मूक चुका

साहाय्यक फंक्शने लहान असतात म्हणून ती निरुपद्रवी असतात, असा समज होण्याचा संभव आहे. इतिहास याच्या उलट सांगतो. त्यांच्या चुकांचे वैशिष्ट्य असे की त्या बहुधा बोलत नाहीत. चार उदाहरणे पाहू.

पहिले, जोड्या लावणारे 'झिप'. साठ नावांची यादी आणि गुणांची यादी यांच्या जोड्या लावावयाच्या आहेत. एक विद्यार्थी गैरहजर असल्याने गुण एकोणसाठच आहेत. 'झिप' लहान यादी संपली की थांबते आणि तक्रार करीत नाही. गैरहजर विद्यार्थी यादीच्या मध्ये असेल तर त्याच्या नावापुढे पुढच्याचे गुण लागतात, तेथून प्रत्येकाचे गुण एकेक जागा सरकतात, आणि शेवटचा विद्यार्थी निकालातूनच नाहीसा होतो. पायथनने २०२१ मध्ये 'झिप'ला काटेकोरपणाचा पर्याय दिला; तो घेतल्यास लांबी न जुळताच त्रुटी दाखविली जाते. मात्र तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

दुसरे, संपलेला इटरेटर. जनरेटरमधून गुण वाचून आधी बेरीज केली आणि नंतर त्याच जनरेटरवर ३५ पेक्षा कमी गुण असलेल्यांची संख्या मोजली, तर उत्तर शून्य येते. बेरीज करतानाच सर्व घटक संपलेले असतात. सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचा हा निष्कर्ष पूर्णपणे खोटा असूनही त्रुटीचा एक शब्द पडद्यावर येत नाही. २०१५ मध्ये स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषेत साहाय्यक फंक्शन इटरेटरची मालकी स्वतःकडे घेते. ती दिल्यावर जुने नाव वापरू पाहिल्यास कंपायलरच अडवितो. तेथे ही चूक चालविण्याआधीच पकडली जाते.

तिसरे, अपवादाची गळती. फाइलमधून एक ओळ नाव आणि पुढची ओळ गुण असे वाचणारा जनरेटर लिहिला, आणि शेवटच्या नावापुढे गुणांची ओळच नाही. 'पुढचा घटक दे' ही मागणी 'स्टॉपइटरेशन' उठवी, आणि पायथन तो जनरेटरचाच स्वाभाविक शेवट समजे. शेवटचे नाव गुपचूप गळे. २०१४ मध्ये यावर सुधारणेचा प्रस्ताव मांडण्यात आला आणि २०१८ मधील ३.७ पासून अशा गळतीचे रूपांतर उघड त्रुटीत झाले. चालत्या भाषेचा करार बदलावयाचा म्हणून ही सुधारणा अनेक आवृत्त्यांतून टप्प्याटप्प्याने करावी लागली.

चौथे, दुभागणी. 'टी' हे फंक्शन एका इटरेटरचे दोन करते. एक शाखा पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली तर मधले सर्व घटक स्मृतीत साठवावे लागतात. एक शाखा पूर्ण संपवून मग दुसरी घ्यावयाची असेल तर सरळ यादी करणेच बरे, असे अधिकृत माहितीतही म्हटले आहे.

इतर भाषांचा प्रवास

जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीत 'एन्युमरेशन' होते. १९९८ मध्ये १.२ आवृत्तीत 'इटरेटर' आला. परंतु मॅप, फिल्टर यांसारख्या सोयी २०१४ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत प्रमाण लायब्ररीत नव्हत्या. यामागचे एक कारण शिकण्यासारखे आहे. जावाच्या इंटरफेसमध्ये नवे फंक्शन घातले की तो इंटरफेस राबविणारे जगातील सर्व जुने वर्ग अपुरे ठरत. आठव्या आवृत्तीने इंटरफेसमध्येच तयार मजकूर असलेली फंक्शने ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा संग्रहांच्या इंटरफेसमध्ये नवी दारे उघडता आली. सी शार्पने २००५ मध्ये 'यील्ड' आणि २००७ मध्ये लिंक ही प्रणाली आणली. तेथे बाहेरून लिहिलेले साहाय्यक फंक्शन मूळ वस्तूचेच असल्यासारखे वापरता येते.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली इटरेटर आणि जनरेटर आले, पण इटरेटरवर चालणारी मॅप, फिल्टर, टेक, ड्रॉप ही फंक्शने प्रमाणात आली ती २०२५ मध्ये. मधली दहा वर्षे ज्याला लागतील त्याने ती स्वतः लिहावीत किंवा इतरांची उसनी घ्यावीत, अशी स्थिती होती. गो भाषेने ऑगस्ट २०२४ मधील १.२३ या आवृत्तीत फंक्शनवर लूप चालविण्याची सोय दिली. तेथे इटरेटर अंतर्गत जातीचा आहे, म्हणजे तोच घटक पुढे ढकलतो. ज्यांना घटक ओढून घ्यावयाचे आहेत त्यांच्यासाठी 'पुल' नावाचे साहाय्यक फंक्शन आहे. ते एका जातीच्या इटरेटरचे दुसऱ्या जातीत रूपांतर करते. सीएलयूच्या वेळी जी दोन टोके होती, त्यांच्यामधला पूल एका साहाय्यक फंक्शनने बांधावा, हे या इतिहासाला साजेसेच आहे.

आपल्या लिपीचा प्रश्न

मराठी भाषक अध्यापकाला या विषयाचे एक उदाहरण घरचेच आहे. 'विद्यार्थी' हा शब्द पायथनमध्ये लूपने फिरविला तर दहा घटक मिळतात, कारण युनिकोडमध्ये मूळ व्यंजन, वेलांटी, काना आणि हलन्त हे स्वतंत्र संकेत आहेत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यात वि, द्या, र्थी अशी तीनच अक्षरे आहेत. हा शब्द उलटा लिहावयास सांगितला तर घटक उलटविणारे साधे फंक्शन वेलांटी आणि हलन्त भलत्याच व्यंजनाला चिकटविते. उर्दू मजकुरात जेर, जबर, पेश दिले असतील तर तेथेही हीच गत होते.

युनिकोडने अक्षरसमूह तोडण्याचे नियम दिले होते. परंतु ते हलन्ताला मागच्या व्यंजनाशी जोडून तेथेच तोडीत, म्हणून 'विद्यार्थी'चे पाच तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, आणि तीन अक्षरे तीनच राहिली. मजकुरातून अक्षरे एकेक देणारे साहाय्यक फंक्शन लिहिणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे. 'पुढचा घटक' म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

समारोप

वरील आढाव्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, इटरेटर ही कोणा एका भाषेची देणगी नाही. सिद्धांत सिद्ध करणाऱ्यांच्या याद्या, कंपायलरचे टप्पे, लपविलेल्या संग्रहात फिरण्याची गरज आणि अनंत मालिकांचे गणित अशा चार वाटांनी ती कल्पना आली. दोन, साहाय्यक फंक्शने बहुधा आधी वापरणाऱ्यांनी लिहिली आणि नंतर प्रमाण लायब्ररीत आली. तीन, त्यांतील दोष पुष्कळदा मौनाचे होते, आणि ते मौन मोडण्यास वर्षे लागली.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी शिस्त घेता येईल. विद्यार्थ्याने साहाय्यक फंक्शन लिहिले किंवा वापरले की त्याला चार प्रश्न विचारावेत. हे फंक्शन काम आत्ताच करते की मागणी झाल्यावर? दिलेल्या इटरेटरमधील किती घटक ते खर्च करते? किती घटक स्मृतीत साठविते? आणि घटक अपेक्षेपेक्षा कमी पडले तर ते काय करते? या चार प्रश्नांची उत्तरे पाठ करून देता येत नाहीत. त्यासाठी फंक्शन समजावेच लागते. क्रमांक मोजणारा लूप शिकविणे सोडावे असा याचा अर्थ नाही. त्या लूपनंतरच्या तासाला, त्यात कोणती दोन कामे मिसळली आहेत, हे विद्यार्थ्यांकडून ओळखवून घ्यावे. ही ओळख पटलेला विद्यार्थी उद्या कोणत्याही भाषेत गेला तरी तिथली नवी नावे त्याला परकी वाटणार नाहीत, आणि त्याने काढलेल्या निकालाच्या यादीतून कोणाचे नाव गुपचूप गळणार नाही.